किडनी जुळते, घर जुळते का?

प्रतिनिधी, बुलढाणा

मूत्रपिंड प्रत्यारोपण म्हटले की रक्तगट, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि खर्च यांचीच चर्चा होते. रुग्णाच्या मनाची आणि त्याच्या घराची तयारी मात्र गृहीत धरली जाते. ही तयारी अर्धवट राहिली, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही प्रत्यारोपण फसू शकते. बुलढाणा जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचा विकार घरोघरी परिचयाचा झाला आहे. म्हणूनच या दुर्लक्षित बाजूचा घेतलेला हा आढावा.

‘आता प्रत्यारोपणाचा विचार करा. घरात कोणी किडनी देऊ शकेल का, ते बघा.’ मूत्रपिंडविकारतज्ज्ञ एवढे सांगून पुढच्या रुग्णाकडे वळतात. हे दोन वाक्यांचे ओझे घेऊन रुग्ण अकोल्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून एस.टी.ने गावी परततो. त्या रात्री घरातील सर्वजण एकत्र बसतात, पण प्रश्न कोणीच उघडपणे विचारत नाही. आई पदराने डोळे पुसते. भाऊ गुरांना वैरण टाकण्याच्या निमित्ताने उठून जातो. भावजय नवऱ्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहते. पत्नी मान खाली घालून बसते. सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : द्यायची कोणी?

थोड्याफार फरकाने हे चित्र अनेक घरांत दिसते. या शांततेत जो निर्णय होतो, त्यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. म्हणून प्रत्यारोपणाची खरी सुरुवात रुग्णालयाच्या खाटेवर होत नाही, ती घरातील ओसरीवर होते.

खारपाणपट्ट्याचे दुखणे

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा भूगर्भातील क्षारयुक्त पाण्यासाठी ओळखला जातो. बुलढाणा जिल्ह्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव, नांदुरा या तालुक्यांतील गावांना त्याची झळ बसते. विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी तोंडात धरवत नाही, अशी गावे येथे कमी नाहीत. वान धरणावरून संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांसाठी १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखण्यात आली, ती याच कारणामुळे.

या भागातील मूत्रपिंडविकाराला केवळ पाणीच कारणीभूत आहे, असे मात्र वैद्यकशास्त्र ठामपणे म्हणत नाही. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची जगभरातील प्रमुख कारणे आहेत. त्यांच्या जोडीला दुर्लक्षित मुतखडा, अंगदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, रणरणत्या उन्हातील कष्ट आणि वेळेवर न झालेली तपासणी हे घटकही असतात. गावकऱ्यांच्या अनुभवात मात्र खारे पाणी आणि किडनी हे नाते पक्के बसले आहे.

कारण काहीही असो, प्रत्यारोपणाच्या दृष्टीने त्याचा एक परिणाम महत्त्वाचा ठरतो. जो दाता होऊ शकतो, तो भाऊ, आई किंवा पत्नी यांनीही आयुष्यभर तेच पाणी प्यायलेले असते आणि त्याच शेतात तेच कष्ट उपसलेले असतात. त्यामुळे दात्याची तपासणी ही अनेकदा साऱ्या कुटुंबाचीच तपासणी ठरते. किडनी देण्यासाठी पुढे आलेल्या भावाला आपला रक्तदाब वाढलेला आहे किंवा आपल्याही मूत्रपिंडावर ताण आहे, हे तेव्हा प्रथम कळते. अशा वेळी घरावर दुहेरी आघात होतो. एक आशा मावळते आणि एक नवा रुग्ण समोर येतो. तपासणीला निघण्यापूर्वीच या शक्यतेची कल्पना कुटुंबाला द्यायला हवी.

डायलिसिसच्या खुर्चीवरचे मन

आठवड्यातून साधारण तीनदा आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास, असे डायलिसिसचे वेळापत्रक असते. त्यात जाण्यायेण्याचा वेळ धरला की आठवड्यातील तीन दिवस संपतात. उरलेल्या दिवसांत थकवा असतो. पेरणी, फवारणी, वेचणी यांचे दिवस रुग्णाची वाट पाहत नाहीत. कालपर्यंत घर चालवणारा माणूस आज मुलाकडे बसभाड्याचे पैसे मागतो. घरातील निर्णय त्याला न विचारता होऊ लागतात. हा बदल शरीराच्या दुखण्याइतकाच बोचणारा असतो.

त्यात पाण्यावर बंधन येते. लघवीचे प्रमाण घटलेल्या रुग्णाला दिवसाला मोजकेच पाणी पिण्याची परवानगी असते. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो, तेव्हा घशाला कोरड पडलेली असताना समोरच्या माठाकडे पाहत बसणे ही रोजची परीक्षा असते. रुग्ण चोरून पाणी पितो, पायावर सूज येते, धाप लागते आणि घरचे रागावतात. ‘तुला बरेच व्हायचे नाही’ असे एखादे वाक्य निघून जाते आणि ते रुग्णाच्या मनात घर करते.

डायलिसिसवरील साधारण चार-पाच रुग्णांपैकी एकाला निदान करता येण्याजोगे नैराश्य असते, असे जगभरातील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे. अडचण अशी की, झोप न लागणे, भूक मंदावणे, थकवा, कशातही रस न वाटणे ही नैराश्याची लक्षणे मूत्रपिंडविकाराचीही असतात. त्यामुळे ‘आजारपणात असे व्हायचेच’ म्हणून त्यांच्याकडे डोळेझाक होते. नैराश्यग्रस्त रुग्ण डायलिसिस चुकवतो, गोळ्या टाळतो आणि प्रत्यारोपणाचा विषय निघाला की ‘माझ्यासाठी कोणाला कापू नका’ असे म्हणून मोकळा होतो. कुटुंब याला त्याचा मोठेपणा समजते. प्रत्यक्षात तो आजार बोलत असतो आणि त्यावर उपचार आहेत.

याच्या उलट टोकाला अवास्तव आशा असते. प्रत्यारोपण झाले की आजार मुळासकट गेला, महिनाभरात पुन्हा नांगर धरता येईल, अशी समजूत करून घेतलेला रुग्ण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या अडचणीतच खचतो. प्रत्यारोपणाने डायलिसिसपेक्षा अधिक मोकळे आणि बहुतेकांना अधिक दीर्घ आयुष्य लाभते हे खरे आहे. मात्र ते औषधांच्या शिस्तीत जगायचे आयुष्य असते, हेही तितकेच खरे आहे.

‘मानसोपचारतज्ज्ञ कशाला? मी काय वेडा आहे?’

प्रत्यारोपणपूर्व तपासण्यांच्या यादीत मानसोपचारतज्ज्ञाचे नाव दिसले की अनेक रुग्ण बिथरतात. या जिल्ह्यात त्यामागे आणखी एक पदर आहे. बुलढाणा तालुक्यातील सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मनोरुग्णांना घेऊन येण्याची प्रथा दूरवर माहीत आहे. त्यामुळे मनाचा आजार म्हणजे बाहेरची बाधा किंवा वेड, एवढीच ओळख अनेकांच्या मनात असते. शहाण्या माणसाने मनाच्या डॉक्टरकडे जावे, ही कल्पनाच रुजलेली नाही.

प्रत्यक्षात ही भेट वेड तपासण्यासाठी नसते. मूत्रपिंडविकारावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये प्रत्यारोपणासाठी येणाऱ्या रुग्णांचे मानसिक आणि सामाजिक मूल्यमापन करण्याची शिफारस केली आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेली ‘सिपॅट’ ही पद्धत अशा मूल्यमापनासाठी वापरली जाते. तिच्यात मुख्यत: चार गोष्टी पाहिल्या जातात. रुग्णाला आपला आजार आणि शस्त्रक्रिया कितपत समजली आहे, त्याच्या पाठीशी कोण आहे, त्याची मन:स्थिती कशी आहे आणि दारू, तंबाखूसारखी व्यसने आहेत का?

या प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे दिल्याने प्रत्यारोपण नाकारले जाईल, ही भीती बहुतांशी निराधार असते. मूल्यमापनाचा हेतू अडथळे आधी ओळखून ते दूर करण्याचा असतो. नैराश्य असेल तर त्यावर उपचार, व्यसन असेल तर ते सोडण्यासाठी वेळ आणि मदत, औषधे चुकत असतील तर ती का चुकतात याचा शोध घेतला जातो. गोळ्या चुकवणारा प्रत्येक रुग्ण बेफिकीर नसतो. कोणाला चिठ्ठी वाचता येत नाही, कोणाकडे महिनाअखेरीस पैसे उरत नाहीत, तर कोणाला गोळीने मळमळते आणि ते सांगण्याचा संकोच वाटतो. कारण कळले तर उपाय सापडतो. लपवलेले व्यसन किंवा दडवलेली निराशा मात्र शस्त्रक्रियेनंतर हमखास डोके वर काढते आणि तेव्हा किंमत दोन माणसांना मोजावी लागते. ज्याला किडनी मिळाली त्याला आणि जिने ती दिली तिलाही.

देणारी बहुधा ‘ती’च

‘जिने’ हा शब्द येथे सहज आलेला नाही. भारतातील जिवंत दात्यांमध्ये सुमारे ८० टक्के स्त्रिया आणि अवयव मिळालेल्यांमध्ये सुमारे ८० टक्के पुरुष, असे चित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडले. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या, म्हणजे ‘नोटो’च्या आकडेवारीनुसार १९९५ ते २०२१ या काळात देशात झालेल्या ३६ हजार ६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांना, तर सहा हजार ९४५ स्त्रियांना लाभदायक ठरली. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, बहीण भावाला देते. हा प्रवाह उलट दिशेने मात्र क्वचितच वाहतो.

यामागे माया आहेच, ती नाकारण्याचे कारण नाही. पण मायेच्या आड दडलेला हिशेबही पाहायला हवा. ‘तो कमावता आहे, त्याला कापून कसे चालेल?’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. शेतात निंदणी, वेचणी करणाऱ्या, धुणीभांडी आणि गुरांचे शेणपाणी पाहणाऱ्या पत्नीचे श्रम ‘कमाई’त मोजलेच जात नाहीत. विवाहित बहिणीची अवस्था आणखी अवघड असते. वडिलोपार्जित जमिनीवरील हिस्सा तिने भावासाठी हक्कसोडपत्र करून आधीच सोडलेला असतो. आता किडनीसाठी माहेर तिच्याकडे पाहते आणि सासर परवानगी नाकारते. तिने ‘हो’ म्हटले तर सासर दुरावते, ‘नाही’ म्हटले तर माहेर तुटते. भाऊ पुढे आला तर त्याच्या पत्नीच्या मनात आपल्या लहान मुलांची काळजी असते. ती बोलून दाखवली की ती ‘घर फोडणारी’ ठरते.

या दडपणाची दखल कायद्यानेही घेतली आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला आणि २०११ मध्ये त्यात व्यापक दुरुस्ती झाली. २०१४ च्या नियमांत स्त्री दात्याच्या बाबतीत अधिक दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त अन्य व्यक्तीकडून पडताळून घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण यांच्यासह आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायदा जवळचे नातलग मानतो. जिवंतपणी अवयव देणाऱ्याचे वय किमान १८ वर्षे असावे लागते.

मात्र कायद्याचा कागद घराच्या उंबरठ्याच्या आत पोहोचतोच असे नाही. म्हणून दात्याशी एकांतात बोलणे हा समुपदेशनाचा कणा मानला जातो. सासू, नवरा किंवा भाऊ समोर बसलेले असताना विचारलेल्या प्रश्नाला स्त्री ‘माझी काही हरकत नाही’ असेच उत्तर देणार. एकांतात मात्र तीच स्त्री विचारते, ‘मला काही झाले तर माझ्या लेकरांचे कोण पाहील?’ हा नकार नसतो. हा प्रश्न असतो आणि त्याला उत्तर मिळाल्याशिवाय तिची संमती खरी होत नाही.

ज्याला मनापासून द्यायचे नाही, त्याची सुटका सन्मानाने व्हावी, यासाठी वैद्यकीय क्षेत्रात एक जुना संकेत आहे. दात्याची तयारी नसल्याचे लक्षात आले तर डॉक्टर कुटुंबाला तपशील देत नाहीत. ‘ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही’ एवढेच सांगतात. रुग्णाला दुसरा मार्ग शोधता येतो आणि नकार देणाऱ्याला त्याच घरात आयुष्यभर गुन्हेगार म्हणून वावरावे लागत नाही. ‘नाही’ म्हणण्याची वाट खुली असते, तेव्हाच ‘हो’ला अर्थ येतो.

दोन भावांची चिठ्ठी

दाता आणि रुग्ण यांच्यातील हा ताण आजचा नाही. जगातील पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांच्या पथकाने केले. रोनाल्ड आणि रिचर्ड हेरिक हे एकरूप जुळे भाऊ होते. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मृत्यूच्या दारात असलेल्या रिचर्डने धडधाकट रोनाल्डला चिठ्ठी पाठवून घरी निघून जाण्यास सांगितले. आपल्यासाठी भावाचे बरेवाईट होऊ नये, ही त्यामागची भावना होती. रोनाल्डने उलट चिठ्ठी पाठवली की तो तेथेच थांबणार आहे. रिचर्डला त्यानंतर आठ वर्षांचे आयुष्य मिळाले. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर आणखी ५६ वर्षे जगला. त्याने शाळेत गणित शिकवले, शेतीही केली आणि २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. डॉ. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हकिकत दात्यांच्या मनातील भीतीला बरेचसे उत्तर देते. किडनी दिली की माणूस अधू होतो, ओझे उचलता येत नाही, पुरुषत्व कमी होते, बाईला मूल होत नाही, अविवाहित मुलीचे लग्न जमत नाही, अशा समजुती आजही आढळतात. निरोगी माणूस एका मूत्रपिंडावर नेहमीचे आयुष्य जगू शकतो. दुर्बिणीद्वारे केलेल्या शस्त्रक्रियेनंतर दाता साधारणत: काही दिवसांतच घरी जातो. जड कामे सुमारे सहा आठवडे टाळावी लागतात. स्त्री दात्याला पुढे मूल होऊ शकते. मात्र गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा अधिक असल्याने देखरेख लागते.

तरीही ‘काहीच धोका नाही’ असे सांगणे चुकीचे ठरेल. शस्त्रक्रियेशी संबंधित मृत्यूचे प्रमाण अमेरिकेतील मोठ्या पाहणीत दहा हजार दात्यांमागे सुमारे तीन इतके आढळले. दात्याचे स्वत:चे मूत्रपिंड पुढे आयुष्यात निकामी होण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असली, तरी निरोगी आणि दान न केलेल्या व्यक्तीपेक्षा ती अधिक असते. म्हणून दात्याने दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन यांची तपासणी करून घेणे आवश्यक असते. खरे आकडे सांगितल्याने दाते पळून जात नाहीत. उलट त्यांचा विश्वास वाढतो.

दानाचे ओझे

किडनी मिळाल्यानंतर नात्यांचा तोल बदलतो. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या अमेरिकी अभ्यासक स्त्रियांनी या अवस्थेला ‘दानाचा जुलूम’ असे नाव दिले. फेडता न येणारे ऋण घेणाऱ्यालाही जखडून ठेवते आणि देणाऱ्यालाही. भावाची किडनी घेतलेला भाऊ पुढे बांधाच्या किंवा वाटणीच्या वादात तोंड उघडू शकत नाही. आईची किडनी मिळालेल्या तरुणावर आई सतत नजर ठेवते. काय खाल्ले, कुठे गेला, गोळी घेतली का, असे प्रश्न सुरू राहतात आणि तो चिडतो. पत्नीने किडनी दिली तर पती कृतज्ञतेने नमतो किंवा उपकाराच्या जाणिवेने उलट तुटक वागू लागतो.

दात्याच्या वाट्याला वेगळे दु:ख येते. शस्त्रक्रियेपूर्वी सर्वांच्या केंद्रस्थानी असलेला दाता शस्त्रक्रियेनंतर अचानक विसरला जातो. भेटायला येणारे रुग्णाच्या खोलीत जातात. पोटावर टाके असलेली पत्नी पंधरा दिवसांत चुलीपुढे उभी राहते. आणि कधी नवी किडनी काम करीनाशी झाली, तर ‘माझे दिलेले वाया गेले’ हा सल तिला आयुष्यभर छळतो. याची उघड चर्चा शस्त्रक्रियेच्या आधी व्हायला हवी. किडनी दिली म्हणून शेताचा हिस्सा वाढत नाही, घेतली म्हणून मत मांडण्याचा हक्क जात नाही आणि किडनी न टिकल्यास दोष कोणाचाही नाही. या तीन गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांनी सर्वांसमक्ष बोलून ठेवल्या, तर पुढचे कितीतरी गैरसमज टळतात.

समितीचे प्रश्न आणि पैशाचा ताण

दाता जवळचा नातलग नसेल तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जाते. तेथे नाते, उत्पन्न, दानाचे कारण याबाबत खोलात जाऊन प्रश्न विचारले जातात. सरळमार्गी कुटुंबांना ही उलटतपासणी अपमानास्पद वाटते. पण तिचे कारण फार दूर नाही. डिसेंबर २०१५ मध्ये शेजारच्या अकोल्यात किडनीविक्रीचे प्रकरण उघडकीस आले. सावकारी कर्जात अडकलेल्या गरिबांना किडनी विकण्यास भाग पाडल्याचे आरोप त्यात झाले. अवयवांच्या खरेदी-विक्रीसाठी कायद्यात पाच ते दहा वर्षे कारावास आणि २० लाख ते एक कोटी रुपये दंडाची तरतूद आहे. समितीचे प्रश्न म्हणजे गरिबाच्या शरीराला घातलेले कुंपण आहे, हे समुपदेशकांनी आधीच समजावून सांगितले तर मुलाखतीची धास्ती कमी होते.

पैशाचा ताण मात्र टळत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा पूर्वी अडीच लाख रुपये होती. २०२३ च्या निर्णयानुसार ती साडेचार लाख करण्यात आली. विदर्भात नागपूरच्या शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालयात २०१६ पासून, तर त्यानंतर अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयातही प्रत्यारोपणे होऊ लागली. त्यामुळे सामान्यांना मोठा आधार मिळाला. तरीही शेगावहून नागपूर रेल्वेने सुमारे २९० किलोमीटर आहे. पहिल्या काही महिन्यांत वारंवार तपासणीला जावे लागते, सोबत एक माणूस लागतो, शहरात राहण्याची सोय करावी लागते आणि त्या काळात शेतातली दोन माणसे कमी होतात. शस्त्रक्रियेचा खर्च योजनेतून भागला, तरी हा खर्च घरालाच उचलावा लागतो. कोणती जमीन विकायची, कोणते कर्ज काढायचे, मुलीचे शिक्षण थांबवायचे का, हे निर्णय शस्त्रक्रियेच्या आधी आणि शांतपणे व्हायला हवेत.

नवी किडनी, नवा दिनक्रम

शरीर परक्या अवयवाला नाकारू पाहते. तसे होऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे किडनी काम करते तोवर घ्यावी लागतात. टॅक्रोलिमससारखी गोळी दर बारा तासांनी, ठरलेल्या वेळीच घ्यायची असते. लग्नाच्या पंगतीत, पेरणीच्या धांदलीत किंवा रात्रीच्या प्रवासातही तिची वेळ चुकवून चालत नाही. सारे ठीक चालले आहे असे वाटू लागते, तेव्हाच हलगर्जीपणा सुरू होतो. कोणाच्या सांगण्यावरून घेतलेला काढा किंवा जडीबुटी या औषधांशी जुळेलच असे नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसे काही घेणे धोक्याचे असते.

स्टिरॉइडमुळे चेहरा सुजतो, चिडचिड होते, झोप उडते. ‘किडनी मिळाल्यापासून याचा स्वभावच बदलला’ असे घरचे म्हणतात. तो औषधाचा परिणाम असू शकतो, हे आधी माहीत असेल तर भांडणाऐवजी डॉक्टरांचा सल्ला घेतला जातो. सुरुवातीचे काही महिने गोठा, शेणखत, धुळीचे काम आणि गर्दी टाळावी लागते. शेतकरी कुटुंबात हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण असते.

खारपाणपट्ट्यातील रुग्णाच्या बाबतीत एक विलक्षण उलटापालट घडते. डायलिसिसवर असताना ज्याला घोटाघोटाने पाणी मोजून दिले जात होते, त्यालाच प्रत्यारोपणानंतर डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. जे पाणी आयुष्यभर संशयाच्या भोवऱ्यात राहिले, तेच आता नव्या किडनीसाठी हवे असते. मात्र ते शुद्ध आणि जंतुविरहित असावे लागते. रोजच्या शुद्ध पाण्याची सोय कुठून आणि कशी होणार, हा प्रश्न अशा घराच्या पूर्वतयारीत औषधांइतकाच वरच्या क्रमांकावर असायला हवा.

जुळत नसेल तर?

घरात इच्छा असूनही रक्तगट जुळत नाही, असे अनेकदा घडते. अशा दोन कुटुंबांना परस्परांत दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा २०११ च्या दुरुस्तीने दिली आहे. दुसरा मार्ग मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाचा. त्यासाठी विदर्भातील रुग्णांची नोंद नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे होते. मात्र देशात २०२३ मध्ये झालेल्या १३ हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणांपैकी जेमतेम दीड-पावणेदोन हजार मेंदूमृत दात्यांमुळे शक्य झाली. त्यामुळे प्रतीक्षा लांबते आणि फोन वाजला की धस्स होते. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नोटो’ने प्रतीक्षा यादीत स्त्री रुग्णांना आणि पूर्वी अवयवदान केलेल्या मृत दात्यांच्या नातलगांना प्राधान्य देण्याची सूचना केली. देणाऱ्यांच्या रांगेत पुढे आणि घेणाऱ्यांच्या रांगेत मागे राहिलेल्या स्त्रियांसाठी ती महत्त्वाची आहे.

घरात आधी बोलावेत असे प्रश्न

– रुग्णाला स्वत:ला प्रत्यारोपण हवे आहे का? की तो घरच्यांसाठी तयार झाला आहे?
– दात्याशी डॉक्टर किंवा समुपदेशक एकांतात बोलले आहेत का?
– दाता स्त्री असेल तर शस्त्रक्रियेनंतर किमान सहा आठवडे घरकाम आणि शेतकाम कोण करणार?
– गोळ्यांच्या वेळा आणि तपासणीच्या तारखा पाहण्याची जबाबदारी कोणा एकाने घेतली आहे का? तो आजारी पडला तर दुसरे कोण?
– प्रवास, औषधे आणि शहरातील मुक्काम यांसाठी वर्षभराची तजवीज काय?
– घरात शुद्ध पाण्याची कायमची सोय आहे का?
– किडनी टिकली नाही तर पुढे काय करायचे, हे सर्वांना माहीत आहे का?

या प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत मिळत नाहीत. काही उत्तरे कटू असतात, काही बदलतात. पण ती शोधताना घर बोलू लागते. रक्तगट आणि ऊती जुळल्याचा निर्वाळा प्रयोगशाळा देते. घर जुळल्याचा दाखला कोणतीही प्रयोगशाळा देऊ शकत नाही. तो त्या रात्री ओसरीवर गप्प बसलेल्या माणसांनी एकमेकांशी बोलूनच मिळवायचा असतो.